घरापुढची ओटी आणि संमिश्र फळ्या

[नभोवाणीवरील भाषण]



घराचा जो भाग धड आंतहि नाहीं आणि धड बाहेरहि नाहीं, त्याला आपल्याकडे प्रांतपरत्वें निरनिराळीं नांवें आहेत. कोंकणांत त्याला ओटी किंवा पडवी म्हणतात, देशावर ओसरी किंवा सोपा म्हणतात, आणि शहरांतील बंगल्यांत त्याचाच व्हरांडा होतो. आल्यागेल्याचें स्वागत तेथें होतें, वर्तमानपत्र तेथें वाचलें जातें, भाजी तेथें निवडली जाते, आणि घरांतलीं वडील माणसें दिवसाचा पुष्कळसा वेळ तेथेंच काढतात. परंतु याच भागाला ऊन, पाऊस, वारा आणि वाळवी या चौघांचा मार सर्वांत आधीं बसतो. आंतल्या माजघराची तुळई शंभर वर्षें टिकते, आणि पुढच्या ओटीचा कठडा मात्र पंधरा वीस पावसाळ्यांत पोकळ होतो, हा अनुभव बहुतेक घरांतून येतो.

पूर्वीं असा कठडा खिळखिळा झाला कीं सुतार बोलावून सागाचा किंवा फणसाचा नवा बसवीत. आज चांगला साग महाग झाला आहे आणि चांगला सुतारहि सहज मिळत नाहीं. अशा वेळीं दुकानदार एक गुळगुळीत, लांकडासारखी रेघारेघांची फळी पुढें करतो आणि सांगतो कीं, ही कुजत नाहीं, हिला वाळवी लागत नाहीं, हिला रंग नको आणि पॉलिशहि नको. या फळीला संमिश्र द्रव्याची फळी असें म्हणतात. दुकानदाराच्या या म्हणण्यांत खरें किती, ही फळी ओटीला कोठें लावावी आणि कोठें लावूं नये, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे. प्रश्न केवळ शोभेचा नाहीं. ज्या कठड्याला नातवंडें रेलून उभीं राहतात आणि ज्या पायरीवर म्हाताऱ्या माणसाचा पाय पडतो, त्यांच्या मजबुतीचा हा प्रश्न आहे.

प्रथम संमिश्र द्रव्य म्हणजे काय तें पाहूं. दोन भिन्न गुणांचे पदार्थ असे एकत्र करावयाचे कीं एकाचें उणें दुसऱ्यानें भरून काढावें; मात्र दोघांनींहि आपापलें स्वरूप सोडावयाचें नाहीं. साखर पाण्यांत विरघळते तसें येथें होत नाहीं. हें तत्त्व नवें आहे असें कोणी समजूं नये. कोंकणांतील कुडाची भिंत हें याचें उत्तम उदाहरण आहे. कारवीच्या काठ्यांचा ताटवा उभा करून त्यावर शेणामातीचा गिलावा देतात. नुसती माती दाब सोसते, पण ताण सोसत नाहीं. ती वाळतांना तडकते. नुसती कारवी ताण सोसते, पण तिच्यांतून वारा आणि पाऊस आंत येतो. दोहोंची भिंत झाली कीं ती उभी राहते. मातींत पेंढ्याचे तुकडे किंवा तूस मिसळण्याची आपली जुनी चालहि याच तत्त्वावर आहे. फ्रान्समधील मोन्ये नांवाच्या बागवानानें फुलझाडांच्या कुंड्यांसाठीं सिमेंटमध्यें लोखंडी तारांची जाळी घातली आणि १८६७ सालीं तिचा हक्क नोंदविला; आज आपण राहतों त्या इमारतींचें सळईचें काँक्रीट त्याच कुळांतलें आहे. इतकेंच नव्हे, तर खुद्द लांकूड हेंहि एक नैसर्गिक संमिश्र द्रव्यच आहे. सेल्युलोजचे चिवट तंतु आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारें लिग्निन नांवाचें द्रव्य, अशी त्याची घडण असते.

मग सृष्टीनें केलेलें इतकें उत्तम द्रव्य असतांना माणसाला दुसरें कां हवें झालें? कारण असें कीं, लांकडाचे तंतु पाणी पितात. पाणी प्यालें कीं लांकूड आडव्या अंगानें फुगतें आणि वाळलें कीं आकसतें. या फुगण्याआकसण्यानें त्याला भेगा पडतात. भेगांतून पाणी खोल जातें आणि मग बुरशी लागते. लांकडांतील ओलावा सुमारें २० टक्क्यांच्या खालीं राहिला तर कुजविणारी बुरशी वाढत नाहीं. परंतु ज्या किनारपट्टीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेथें ओटीच्या कठड्याचा ओलावा चार महिने २० टक्क्यांच्या खालीं कसा राहणार? सागाच्या अंगांत निसर्गतःच तेलकट द्रव्यें असतात म्हणून तो टिकतो. हलक्या लांकडाला ती देणगी नाहीं.

अमेरिकेंत हीच अडचण दुसऱ्या प्रकारें पुढें आली. तेथें घरें बहुतांशीं लांकडाचीं, आणि घरापुढें किंवा घरामागें लांकडी फळ्यांचा उंच ओटा बांधण्याची चाल फार. हलकें लांकूड टिकावें म्हणून त्यांत तांबें, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे क्षार दाबानें भरीत. आर्सेनिक म्हणजे सोमलांतलें विषारी मूलद्रव्य. मुलें ज्या ओट्यावर रांगतात तेथें हें विष नको, असा विचार प्रबळ होऊन २००३ सालच्या अखेरीस राहत्या घरांच्या बहुतेक कामांसाठीं असें लांकूड तयार करणें तेथील कारखानदारांनीं थांबविलें. त्यापूर्वीं दहा वर्षें, म्हणजे १९९० नंतरच्या दशकांत, लांकडाचा भुसा आणि टाकाऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या यांपासून केलेल्या फळ्या तेथील बाजारांत आलेल्या होत्याच. त्यांना या घटनेनें अधिक मागणी आली. तेथून ही फळी जगभर पसरली आणि आज आपल्या शहरांतील दुकानांतहि ती मिळते.

लांकडाचा भुसा आणि कृत्रिम राळ यांची सोयरीक तशी जुनीच आहे. बेकलंड या शास्त्रज्ञानें १९०७ सालीं बेकेलाइट तयार केलें. विजेचीं काळीं बटणें आणि जुन्या टेलिफोनच्या पेट्या ज्याच्या होत्या तें हें द्रव्य. त्यांत भर म्हणून लांकडाचें पीठच घालीत असत. परंतु बेकेलाइट एकदां घट्ट झालें कीं पुन्हां वितळत नाहीं. फळ्या करावयाच्या तर तापवितांच मऊ होणारें आणि निवतांच घट्ट होणारें द्रव्य हवें होतें. तें पॉलिएथिलीनच्या रूपानें मिळालें. याचा शोध १९३३ सालीं इंग्लंडांत लागला, आणि त्याचा अधिक कणखर प्रकार १९५३ सालीं जर्मन रसायनशास्त्रज्ञ झीग्लर यानें साध्या दाबाखालीं तयार करून दाखविला.

आतां ही फळी कशी होते तें थोडक्यांत सांगतों. लांकडाचा बारीक भुसा प्रथम खडखडीत वाळवितात. ओलावा राहिला तर त्याची वाफ होऊन फळींत बुडबुडे राहतात. पॉलिएथिलीन सुमारें १३० अंश उष्णमानास वितळतें, आणि लांकूड २०० अंशांच्या पुढें करपूं लागतें. या दोन आंकड्यांच्या मधल्या पट्ट्यांतच सर्व काम उरकावें लागतें. म्हणूनच हलक्या उष्णतेनें वितळणारीं प्लॅस्टिकें तेवढीं या कामीं उपयोगीं पडतात. भुसा आणि वितळलेलें प्लॅस्टिक मळून, चकलीच्या सोऱ्यांतून पीठ दाबावें तसें तें मिश्रण पोलादी साच्यांतून दाबून काढतात. साच्याच्या तोंडाचा जो आकार असेल त्या आकाराची अखंड फळी बाहेर पडते. ती पाण्यानें निववून हव्या त्या लांबीची कापतात. साधारणतः निम्मा किंवा निम्म्याहून थोडा अधिक भाग भुशाचा, उरलेल्यांत मुख्यतः प्लॅस्टिक, आणि थोडे रंग व इतर मसाले असे तिचें प्रमाण असतें.

या मसाल्यांपैकीं एकाचें काम समजून घेण्यासारखें आहे. लांकडाला पाण्याची ओढ असते आणि पॉलिएथिलीनला पाण्याचें वावडें असतें. म्हणजे हे दोन पदार्थ स्वभावतः एकमेकांस धरीत नाहींत. तेव्हां ज्याचें एक टोंक लांकडाला चिकटतें आणि दुसरें प्लॅस्टिकमध्यें गुंततें, असें एक सांधणारें द्रव्य मध्यस्थ म्हणून घालावें लागतें. लग्नांतल्या मध्यस्थाप्रमाणें यानें कसूर केली कीं पुढें संसार बिघडतो. भुसा आणि प्लॅस्टिक यांच्यामधल्या सूक्ष्म फटींतून पाणी शिरतें आणि फळी कडेनें फुगते. स्वस्त फळी आणि चांगली फळी यांतला पुष्कळसा फरक या डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींत असतो.

अगदीं पहिल्या फळ्यांत भुशाचे कण पृष्ठभागावर उघडे राहत. त्यामुळें उन्हानें त्यांचा रंग उडे आणि ओलाव्यानें त्यांवर काळे डाग पडत. पुढें फळीच्या भोंवतीं शुद्ध प्लॅस्टिकचें पातळ कवच त्याच साच्यांतून चढविण्याची युक्ति निघाली. अशी कवचाची फळी अधिक टिकते. मात्र कवच चारी बाजूंनीं आहे कीं केवळ वरच्या अंगास आहे, हें विचारून घ्यावें. आणि जेथें फळी कापली जाते तेथें आंतला गाभा उघडा पडतो, हेंहि विसरूं नये.

येथें नांवाच्या घोटाळ्याविषयीं एक सूचना केली पाहिजे. आपल्या बाजारांत एकाच इंग्रजी आद्याक्षरांच्या नांवाखालीं दोन अगदीं भिन्न वस्तु मिळतात. एक मी आतां सांगितली ती पॉलिएथिलीन आणि भुसा यांची जड, भरींव किंवा खोबणीची फळी. दुसरी पीव्हीसी नांवाच्या प्लॅस्टिकचा फेस करून त्यांत थोडा भुसा आणि खडूसारखी भुकटी मिसळून केलेला हलका तक्ता. हा दुसरा तक्ता न्हाणीघराच्या दाराला किंवा स्वयंपाकघरांतील कपाटाला ठीक आहे. पाण्यानें तो फुगत नाहीं. परंतु पीव्हीसी ८० अंशांच्या सुमारासच मऊ पडूं लागतें, आणि फेसाळ तक्त्यांत ताकद बेताचीच असते. भर उन्हांत तापणाऱ्या पायरीस किंवा माणसाचें वजन घेणाऱ्या जमिनीस तो योग्य नव्हे. हातांत तुकडा घेऊन पाहिला तरी भेद कळतो: पहिली फळी पाण्यांत टाकल्यास बुडते किंवा जेमतेम तरंगते, आणि फेसाळ तक्ता बुचासारखा वर राहतो.

आतां चांगल्या फळीचेहि दोष पाहूं. कारण गुण दुकानदार सांगतोच.

पहिला दोष उष्णतेनें वाढण्याचा. लांकूड त्याच्या लांबींत उष्णतेनें जवळजवळ वाढत नाहींच. संमिश्र फळी मात्र दर अंशास आपल्या लांबीच्या दहा लक्षांश भागांच्या चाळीसपट, या सुमारानें वाढते. हिशेब करून पाहा. फळी १२ फूट, म्हणजे सुमारें ३.६६ मीटर लांब आहे. पावसाळी रात्रीं ती २० अंशांवर असते आणि वैशाखांतल्या दुपारीं गडद रंगाची फळी ६० अंशांपर्यंत तापणें अशक्य नाहीं. फरक ४० अंशांचा. तेव्हां फळी जवळजवळ ६ मिलिमीटर वाढेल. त्याच लांबीचें लांकूड एक मिलिमीटरहि वाढणार नाहीं. म्हणून लांकडाच्या संवयीनें सुतारानें थंड सकाळीं फळ्या एकमेकींस घट्ट भिडविल्या, तर पहिल्याच उन्हाळ्यांत त्या मधून उचलतात. टोंकांशीं फट ठेवलीच पाहिजे, आणि ती किती ठेवावयाची तें बसविण्याच्या वेळच्या उष्णमानावरून ठरवावयाचें. भिंतीशीं, खांबाशीं आणि दुसऱ्या फळीशीं, तिन्ही ठिकाणीं ही मोकळीक हवी.

दुसरा दोष वांकण्याचा. चांगल्या सागाच्या मानानें या फळीचा ताठपणा एक तृतीयांशाच्या आसपास भरतो. म्हणून तिच्या खालचे आधाराचे वासे जवळजवळ असावे लागतात. घरगुती ओट्यासाठीं ते १६ इंचांवर, म्हणजे सुमारें ४० सेंटिमीटरांवर ठेवण्याचा प्रघात आहे, आणि फळ्या तिरप्या लावावयाच्या असतील तर १२ इंचांवर. चार इंचांनीं काय बिघडणार, असें कोणी म्हणेल. परंतु दोन आधारांवर ठेवलेल्या फळीच्या मध्यावर भार दिला असतां तिचें वांकणें अंतराच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें. अंतर दुप्पट केलें तर वांकणें आठपट होतें, आणि १६ इंचांऐवजीं २० इंच केलें तरी वांकणें जवळजवळ दुप्पट होतें. जाडीचेंहि तसेंच आहे. एक इंचाऐवजीं पाऊण इंच जाडीची फळी घेतली तर ती दुपटीहून अधिक वांकते. जो विक्रेता आधार वाचवून किंमत कमी करून देतो, तो आपल्या पायाखालची जमीन मऊ करून देत असतो.

याच्याच पोटांतला तिसरा दोष अधिक फसवा आहे. प्लॅस्टिकवर सतत भार राहिला तर तें अत्यंत मंद गतीनें, पण कायमचें वांकत जातें. आज भार ठेवला आणि आज कांहीं झालें नाहीं, एवढ्यावरून उद्यांचा भरंवसा धरतां येत नाहीं. आणि उन्हानें तापलेल्या फळींत ही गति वाढते. म्हणून ओटीचें छप्पर तोलणारा खांब, तुळई किंवा वासा या फळीचा कधींहि करूं नये. आपल्याकडे ओटीवर झोपाळा असतो. त्याच्या कड्या ज्या तुळईंत बसवावयाच्या ती तुळई सागाची, पोलादाची किंवा सळईच्या काँक्रीटचीच पाहिजे. तिच्यावर शोभेसाठीं संमिश्र फळीचें आवरण घातलें तर चालेल, परंतु कडी त्या आवरणांत नव्हे, तर आंतल्या खऱ्या तुळईंत गेली पाहिजे. कठड्याचीहि तीच गोष्ट. वरचा हात आणि मधले गज संमिश्र असोत. पण कोपऱ्याच्या खांबांत आंत पोलाद असावें आणि तें जोत्यांत पक्कें गाडलेलें असावें. जमीन ३० इंचांहून उंच असेल तर कठडा निदान ३६ इंच उंच असावा, आणि दोन गजांमधून ४ इंच व्यासाचा चेंडू जातां कामा नये, असा अमेरिकेंतील घरबांधणीचा दंडक आहे. लहान मुलाचें डोकें अडकूं नये, हा त्यांतला हेतु. तो येथेंहि लागू आहे.

चौथी गोष्ट पाण्याची. फळी कुजत नाहीं म्हणून पाणी तुंबूं द्यावें असें नाहीं. ओटीला घरापासून बाहेरच्या बाजूस दर फुटास पाव इंच ढाळ असावा, आणि फळ्या त्या ढाळाच्याच दिशेनें टाकाव्या, म्हणजे पाणी सांध्यांत न अडतां वाहून जातें. खालून वारा खेळता असावा. फळी टिकते आणि खालचे वासे कुजतात, असा प्रकार पुष्कळदां होतो; वरून सारें ठाकठीक दिसत असल्यामुळें तो अधिक घातक असतो. समुद्राजवळच्या गांवीं साध्या खिळ्यांना आणि स्क्रूंना खाऱ्या वाऱ्यानें लवकर गंज चढतो. तेथें गंज न चढणाऱ्या पोलादाचेच स्क्रू घ्यावे. चाळीस वर्षें टिकणारी फळी पांच वर्षें टिकणाऱ्या खिळ्यानें ठोकण्यांत शहाणपण नाहीं.

पांचवी गोष्ट आपल्या चालीरीतींतून निघते, आणि परदेशी माहितीपत्रकांत तिच्यावर फारसा भर नसतो. आपण ओटीवर अनवाणी चालतों. ही फळी लांकडापेक्षां घट्ट आणि जड असल्यामुळें उन्हांत असतां ती पायाला अधिक चटका देते. गडद तपकिरी रंग दुकानांत शोभून दिसतो, पण पश्चिमाभिमुख उघड्या ओटीवर दुपारीं त्यावर पाय ठेववत नाहीं. उघड्या जागीं फिकट रंगच निवडावा. तसेंच पावसाळ्यांत साचलेल्या धुळीवर शेवाळ धरतें आणि कवच गुळगुळीत असेल तर पाय घसरतो. पायरीसाठीं खांचे किंवा खरखरीत पृष्ठभाग असलेली फळी घ्यावी आणि पावसाळ्यांत ती साबणाच्या पाण्यानें व मऊ कुंच्यानें घांसावी. 'देखभाल नको' याचा अर्थ 'झाडलोट नको' असा होत नाहीं.

सहावी गोष्ट विस्तवाची. पॉलिएथिलीन जळतें, आणि जळतांना वितळून ठिबकतें. पीव्हीसी सहजासहजीं पेट घेत नाहीं, पण जळूं लागल्यास घशाला झोंबणारा आम्लाचा धूर सोडतें. दिवाळींत ओटीवर पणत्या मांडतात. त्या थेट फळीवर न ठेवतां पाटावर किंवा फरशीच्या तुकड्यावर ठेवाव्या. कांठ वितळून पडलेला डाग खरडून निघत नाहीं.

ओटीच्या छपराविषयींहि दोन शब्द सांगणें जरूर आहे, कारण तेथेंहि संमिश्र द्रव्येंच येतात. कांचेच्या तंतूंना राळेंत बसवून केलेला जो पत्रा, ज्याला आपण फायबरचा पत्रा म्हणतों, तो उजेड आंत घेतो, हलका असतो आणि गंजत नाहीं. मात्र उन्हानें वरची राळ झिजते, पत्रा पिवळा पडतो आणि कांचेचे बारीक तंतु उघडे होतात. त्यावर हात फिरविल्यास कुसळें टोंचतात. अशी स्थिति दिसतांच तो बदलावा. जुन्या पडव्यांवर राखी रंगाचे सिमेंटचे पन्हळी पत्रे असतात, त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉसचे तंतु असतात. त्यांची धूळ श्वासावाटे गेल्यानें फुप्फुसाचा कर्करोग होतो, हें आतां निर्विवाद ठरलें आहे. असा पत्रा जागेवर शाबूत असेल तर त्याला छेडूं नये; काढावयाचाच झाला तर करवत न चालवितां, ओला करून, जाणत्या माणसाकडून अखंड काढवावा. याच्या जागीं एक देशी पर्याय ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. बंगळूर येथील भारतीय प्लायवूड उद्योग संशोधन व प्रशिक्षण संस्थेनें बांबूच्या चटया राळेंत भिजवून दाबून केलेला पन्हळी पत्रा सिद्ध केला आहे. कारवीच्या कुडाचाच हा सुधारलेला नातू म्हणावयास हरकत नाहीं.

मग संमिश्र फळी घ्यावी कीं घेऊं नये? उत्तर घराच्या ठेवणीवर अवलंबून आहे. ज्या घराला जांभ्या दगडाचें किंवा विटांचें पक्कें जोतें आहे आणि ओटीवर शहाबादी फरशी आहे, तेथें जमिनीसाठीं फळीची मुळींच गरज नाहीं. फरशी अधिक थंड, अधिक स्वस्त आणि अधिक टिकाऊ आहे. तेथें ही फळी शोभेल ती कठड्याला, बसावयाच्या बांकाला, छपराखालच्या अस्तराला. परंतु गच्ची, वरच्या मजल्याचा सज्जा, डोंगरउतारावरील बंगल्याचा उंच ओटा, अशा ठिकाणीं जेथें पूर्वीं फळ्याच होत्या आणि जेथें पाऊस तिरपा आंत येतो, तेथें हलक्या लांकडापेक्षां चांगली संमिश्र फळी निश्चित बरी. आणि जेथें जुन्या सागाची ओटी अद्याप शाबूत आहे, तेथें ती काढून प्लॅस्टिक बसविण्याची घाई करूं नये. सुरीचें टोंक दाबून पाहावें. तें रुतत नसेल तर लांकूड निरोगी आहे. एक दोन कुजके गज बदलून, तेल देऊन तें पुढची पिढीहि पाहील.

खर्चाचा हिशेब केवळ बिलावरून करूं नये. समजा, लांकडाच्या कामाला १०० रुपये पडतात आणि दर दोन वर्षांनीं रंगाला ६ रुपये. संमिश्र कामाला पहिल्यानेंच १६० रुपये पडतात. वीस वर्षांत लांकडाला दहा वेळां रंग, म्हणजे ६० रुपये. दोन्ही खर्च बरोबरीचे झाले. ज्याच्या घरीं वीस वर्षांच्या आंत फेरबदल व्हावयाचे आहेत त्याला लांकूड स्वस्त, आणि ज्याला रंगाऱ्याच्या पाठीमागें फिरणें शक्य नाहीं त्याला फळी स्वस्त. आंकडे आपापल्या गांवचे घालावे; रीत हीच.

फळी निवडण्यापूर्वीं घरच्या घरीं तीन परीक्षा घ्याव्या. दुकानांतून हातभर लांबीचे दोन तीन प्रकारांचे तुकडे मागून आणावे. पहिली परीक्षा पाण्याची: तुकडा तराजूंत तोलून आठ दिवस पाण्यांत बुडवून ठेवावा, पुसून पुन्हां तोलावा आणि त्याच्या कांठाची जाडी पूर्वींच्या जाडीशीं ताडून पाहावी. ज्याचें वजन व जाडी अधिक वाढली तो नापास. दुसरी परीक्षा भाराची: तुकडा दोन विटांवर ठेवून मध्यें पाण्यानें भरलेली बादली ठेवावी. दोन विटांवरून ताणलेल्या दोऱ्यापासून फळी किती खालीं गेली हें पहिल्या दिवशीं आणि पंधराव्या दिवशीं मोजावें. बादली काढल्यावर ती किती परत आली हेंहि पाहावें. तिसरी परीक्षा उन्हाची: सर्व तुकडे दुपारीं गच्चीवर ठेवून त्यांवर अनवाणी उभें राहावें. या परीक्षांना यंत्र लागत नाहीं, आणि यांतून जें कळतें तें कोणत्याहि माहितीपत्रकापेक्षां अधिक विश्वसनीय असतें. हमीपत्र मिळत असेल तर त्यांत रंग उडणें, फुगणें आणि वांकणें या तिन्ही गोष्टी आहेत कीं नाहीं तें वाचून घ्यावें.

शेवटीं, उरलेल्या तुकड्यांविषयीं. या फळींत टाकाऊ पिशव्या आणि वखारींतला भुसा यांचा उपयोग होतो, ही तिची चांगली बाजू आहे. परंतु एकदां मिसळलेला भुसा आणि प्लॅस्टिक पुन्हां वेगळे करणें दुष्कर असतें, ही दुसरी बाजू. लांकडाचा निकामी कठडा अखेर बंबांत जातो आणि आंघोळीचें पाणी तापवितो. संमिश्र फळीचा तुकडा मात्र बंबांत किंवा चुलींत घालूं नये. तसेंच औषध भरलेल्या लांकडाचाहि घालूं नये, कारण त्याच्या राखेंतहि विष उरतें. करवतीचा भुसा खालीं कापड अंथरून गोळा करावा. तो झाडाच्या आळ्यांत पडला तर मातींत मिसळत नाहीं, वर्षानुवर्षें तसाच राहतो.

नवें द्रव्य आलें म्हणून तें वाईट नव्हे आणि नवें आहे म्हणून चांगलेंहि नव्हे. कुडाची भिंत बांधणारा जुना माणूस कारवीकडून कारवीचें काम घेई आणि मातीकडून मातीचें. संमिश्र फळीलाहि तिच्या अंगीं जें काम आहे तेंच सांगावें; तिनें पाऊस अंगावर घ्यावा, वाळवीला तोंड द्यावें, पण घराचा भार मात्र तिच्या माथीं देऊं नये. एवढें पथ्य पाळलें तर पुढची पुष्कळ वर्षें आपली ओटी आल्यागेल्याला बसावयास सुरक्षित राहील.